यंत्राशी कोणत्या बोलीत बोलावे?

महाराष्ट्रातून दिल्लीस नव्याने गेलेल्या मराठी माणसाची एका पाटीपुढे हमखास गंमत होते. शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे यांचा कारभार पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याला २०२० सालापासून हिंदीत ‘शिक्षा मंत्रालय’ असे नाव आहे. हिंदी भाषिकाला शिक्षा म्हणजे शिक्षण; आपल्याला शिक्षा म्हणजे दंड. लिपी तीच, अक्षरे तीच, काना-वेलांटीचाही फरक नाही. आणि तरीही एकाच शब्दाने एकाच्या डोळ्यांपुढे पाटी-पेन्सिल उभी राहते, तर दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे छडी. ‘चेष्टा’ या शब्दाचीही हीच कथा. हिंदीत ती प्रयत्न करणाऱ्याची असते, मराठीत थट्टा करणाऱ्याची.

अशा प्रसंगी माणसाचे फारसे अडत नाही. पाटी वाचणारा क्षणभर थबकतो, मनाशी हसतो आणि आपण मराठीत नव्हे तर हिंदीत वाचीत आहोत, हे त्याच्या ध्यानात येते. भोवतालच्या परिस्थितीवरून बोली ओळखण्याची ही कला आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती कला आहे हेच आपण विसरून जातो. परंतु ज्याला भोवताल दिसत नाही, हसू येत नाही आणि शंका विचारण्याचीही सवय नाही, असा एखादा वाचक असेल तर? आज मी आपल्याशी बोलणार आहे तो अशाच एका वाचकाविषयी. त्याचे नाव कंपायलर.

संगणकाला कामे सांगण्यासाठी माणसाने ज्या भाषा घडविल्या, त्यांत लिहिलेल्या सूचनांच्या संहितेला आपण प्रोग्रॅम म्हणतो. परंतु संगणकाच्या यंत्राला ही भाषा समजत नाही. त्याला समजते ती शून्य आणि एक यांची भाषा. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारा जो प्रोग्रॅम, तो कंपायलर. हा दुभाषी विलक्षण प्रामाणिक असतो, पण तितकाच अक्षरनिष्ठही असतो. लेखकाच्या मनात काय होते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कागदावर काय आहे आणि ज्या व्याकरणाने ते वाचावयाचे ते व्याकरण काय म्हणते, एवढेच तो पाहतो. म्हणून कोणत्या व्याकरणाने वाचावे, हे त्याला आधी सांगावे लागते. आपण न सांगितल्यास तो थांबत नाही. स्वतःजवळचे एक व्याकरण गृहीत धरतो आणि कामाला लागतो. आजच्या विषयाचे सारे मर्म या गृहीत धरण्यात आहे.

उदाहरणासाठी ‘सी’ ही भाषा घेऊ. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती घडविली. पुढे १९७८ साली ब्रायन कर्निगन यांच्यासह त्यांनी तिच्यावर एक पुस्तक लिहिले आणि कित्येक वर्षे ते पुस्तक हेच त्या भाषेचे व्याकरण मानले गेले. भाषा लोकप्रिय झाली तशी ती निरनिराळ्या यंत्रांवर गेली आणि जेथे गेली तेथे थोडी थोडी बदलली. बारा कोसांवर भाषा बदलते हे आपले म्हणणे यंत्रांच्या जगातही खरे ठरले. तेव्हा सर्वांना मान्य होईल असे प्रमाण ठरविण्यासाठी अमेरिकेत १९८३ साली एक समिती नेमली गेली आणि १९८९ साली तिने आपले व्याकरण प्रसिद्ध केले. पुढल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेने ते स्वीकारले. त्यानंतर १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ या वर्षी त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या आवृत्त्यांना व्यवहारात सी८९, सी९९, सी११, सी१७ आणि सी२३ अशी नावे पडली आहेत. शेवटच्या दोन नावांतील आकडे प्रसिद्धीच्या वर्षाशी जुळत नाहीत. आवृत्तीचे काम ज्या वर्षाचे मानले गेले, त्या वर्षावरून ती नावे रूढ झाली.

हे झाले काळाने पडलेले भेद. दुसरा भेद घराण्याचा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पासाठी एक कंपायलर लिहिला आणि १९८७ साली तो सर्वांसाठी खुला केला. आज तो ‘जीसीसी’ या नावाने जगभर ओळखला जातो. या कंपायलरने प्रमाणभाषेच्या जोडीला स्वतःच्या काही सोयी दिल्या. एका फंक्शनच्या पोटात दुसरे फंक्शन लिहिता येणे ही त्यांतली एक. एखाद्या चलाचा प्रकार कंपायलरलाच विचारणारा ‘टाइपऑफ’ हा शब्द ही दुसरी. प्रमाणभाषेत नसलेले हे शब्द आणि प्रयोग ग्नू घराण्याच्या बोलीत मात्र सर्रास चालत. त्यामुळे जीसीसीपाशी प्रत्येक आवृत्तीची दोन रूपे असतात. एक प्रमाण, जसे सी९९. आणि दुसरे बोलीचे, जसे ग्नू९९. कंपायलरला काम सांगताना आज्ञेच्या ओळीत ‘एसटीडी’ या तीन अक्षरांपुढे बरोबरीचे चिन्ह घालून यांपैकी हवे ते नाव लिहिले, की तो त्या व्याकरणाने वाचू लागतो.

बोलीने प्रमाणभाषेला नेहमीच काही दिले आहे, आणि ते येथेही घडले. ‘टाइपऑफ’ हा शब्द कित्येक वर्षे घराण्याच्या बोलीतच वावरत होता. सी२३ ने त्याला प्रमाणभाषेत मानाचे पान दिले. म्हणून बोली म्हणजे अशुद्ध आणि प्रमाण म्हणजे शुद्ध असा सोवळेपणा येथे उपयोगाचा नाही. प्रश्न शुद्धतेचा नाही. लिहिणारा आणि वाचणारा एकाच व्याकरणावर उभे आहेत की नाहीत, हा प्रश्न आहे.

ते उभे नसतील तर काय होते, हे दोन उदाहरणांनी दाखवितो. प्रोग्रॅम प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहितात. आपण सोयीसाठी ते देवनागरीत पाहू. सी भाषेत भागाकाराचे चिन्ह म्हणजे एक तिरकी रेघ. माणसासाठी लिहिलेली टीप, जी कंपायलरने वाचू नये अशी अपेक्षा असते, ती तिरकी रेघ आणि तारा यांनी सुरू होते, आणि तारा व तिरकी रेघ यांनी संपते. सी९९ ने टिपेचा आणखी एक प्रकार मान्य केला. लागोपाठ दोन तिरक्या रेघा आल्या, की तेथून ओळीच्या शेवटापर्यंतचे सारे टीप समजावयाचे. आता या दोन ओळी पाहा:

क = ४ //* निम्मे करा */ २
;

जुन्या, काटेकोर सी८९ च्या व्याकरणाने वाचणारा कंपायलर पहिली तिरकी रेघ भागाकाराची समजतो, दुसरीपासून टीप सुरू झाली असे मानतो, ती संपताच दोनाचा आकडा घेतो, आणि चार भागिले दोन म्हणून क ची किंमत २ ठरवितो. सी९९ च्या व्याकरणाने वाचणाऱ्याला मात्र दोन रेघा लागोपाठ दिसतात. तो त्यापुढची सारी ओळ सोडून देतो, खालच्या ओळीवरील अर्धविरामाशी वाक्य संपवितो, आणि क ची किंमत ४ ठरवितो. दोघांनीही नियम मोडलेला नाही आणि दोघांनीही चूक दाखविलेली नाही. आणखी मौज अशी, की ग्नू८९ हे नाव एकोणनव्वद सालचे असले तरी त्या बोलीने दोन रेघांची टीप पूर्वीच आपलीशी केली होती. म्हणून तिचेही उत्तर ४ असेच येते. केवळ साल सांगून भागत नाही, घराणेही सांगावे लागते, ते याचसाठी.

पहिले उदाहरण काहीसे मुद्दाम रचलेले आहे, हे मी कबूल करतो. दुसरे अधिक बोलके आहे. सी च्या आधी ‘बी’ नावाची एक भाषा होती. तिच्यातून सी ला ‘ऑटो’ हा शब्द वारशाने मिळाला. फंक्शन चालू असेपर्यंतच ज्याचे अस्तित्व असते असा चल, असा त्याचा अर्थ. परंतु फंक्शनातील चल एरवीही तसेच असत. त्यामुळे हा शब्द कोणी लिहीत नसे. घरात वापराविना पडून राहिलेल्या पितळी भांड्यासारखा तो भाषेत पडून होता. सी२३ ने ते भांडे घासून पुसून नव्या कामाला लावले. आता ‘ऑटो’ म्हणजे, या चलाचा प्रकार त्याच्या किमतीवरून तुम्हीच ओळखा, अशी कंपायलरला केलेली विनंती. समजा, प्रोग्रॅममध्ये असे लिहिले आहे:

ऑटो क = ३.७५ ;

सी८९ चे व्याकरण सांगते, की प्रकार सांगितला नसेल तर पूर्णांक समजावा. तेव्हा क ची किंमत होते ३, आणि पाऊण गळून जातो. सी२३ चे व्याकरण सांगते, की उजवीकडे अपूर्णांक आहे, तेव्हा क हाही अपूर्णांकच. त्याची किंमत ३.७५. मधल्या आवृत्त्यांनी प्रकाराचे नाव सांगणे सक्तीचे केले होते, म्हणून त्यांच्या लेखी ही ओळच चुकीची. तीन पिढ्यांत एका शब्दाच्या वाट्याला तीन गती आल्या. ‘शिक्षा’ या शब्दाला पुण्याहून दिल्लीस जावे लागते. ‘ऑटो’ला एवढा प्रवासही करावा लागत नाही. कंपायलर बदलला की त्याचा अर्थ बसल्या जागी बदलतो.

आता आपण मूळ मुद्द्याकडे येऊ. बोलीचे नाव सांगितले नाही, तर कंपायलर कोणती बोली गृहीत धरतो? जीसीसीने दीर्घ काळ ग्नू८९ गृहीत धरली. २०१५ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीने ती जागा ग्नू११ ला दिली. २०१८ च्या आठव्या आवृत्तीने ग्नू१७ ला दिली, आणि २०२५ च्या पंधराव्या आवृत्तीने ग्नू२३ ला. म्हणजे ज्याने दहा-बारा वर्षांपूर्वी प्रोग्रॅम लिहिला आणि बोलीचे नाव लिहून ठेवले नाही, त्याच्या एकाच लेखनाला या काळात चार व्याकरणे लागली. त्याने एक अक्षर बदलले नाही. त्याच्या पायाखालची जमीन मात्र सरकत राहिली.

आणि ही जमीन सरकली तेव्हा कोठे भेगा पडल्या, तेही पाहण्याजोगे आहे. होय-नाही एवढेच सांगणाऱ्या प्रकारासाठी सी भाषेत पूर्वी सुटसुटीत राखीव शब्द नव्हता. म्हणून असंख्य लेखकांनी ‘बूल’ असे नाव स्वतःच ठरवून घेतले होते. सी२३ ने ‘बूल’ हा भाषेचाच राखीव शब्द केला, आणि ज्यांनी ते नाव आधी ठेवले होते त्यांचे प्रोग्रॅम अडले. दुसरी भेग रिकाम्या कंसाची. फंक्शनची ओळख करून देताना नावापुढे रिकामा कंस लिहिला, तर जुन्या व्याकरणात त्याचा अर्थ, याला कोणती माहिती पुरवावयाची ते येथे सांगितलेले नाही, असा होता. नव्या व्याकरणात त्याचा अर्थ, याला कोणतीही माहिती पुरवावयाची नाही, असा झाला. न बोलणे आणि नाही म्हणणे यांत केवढे अंतर आहे, हे व्यवहारात पोळलेल्या माणसाला सांगावयास नको. येथे शब्दाचाच नव्हे, मौनाचाही अर्थ बदलला.

बोली लिहून ठेवण्याचा लाभ आणि न लिहिण्याचा तोटा, दोन्ही एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील तर लिनक्स या प्रचंड प्रोग्रॅमकडे पाहावे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेला हा प्रोग्रॅम आज मोबाइल फोनांपासून महासंगणकांपर्यंत असंख्य यंत्रांचा कारभार सांभाळतो. जीसीसीची गृहीत बोली बदलणार अशी चिन्हे दिसताच, २०१४ सालीच, त्याच्या बांधणीच्या सूचनांत ग्नू८९ हे नाव स्पष्ट लिहून टाकण्यात आले. त्यामुळे २०१५ चा बदल त्याला जाणवला नाही. पुढे २०२२ साली एका चर्चेत असे निघाले, की याद्या तपासण्यासाठी फेऱ्या मारणारा चल फेरी संपल्यावरही मागे उरतो, आणि त्याचा चुकून वापर होण्याचा धोका राहतो. फेरीतच जन्मणारा आणि फेरीबरोबर संपणारा चल जुन्या व्याकरणात लिहिता येत नव्हता. तो सी९९ पासून लिहिता येतो. तेव्हा त्या वर्षी ५.१८ या आवृत्तीपासून लिनक्सने ग्नू११ ही बोली स्वीकारली. चालविण्यास जुन्यात जुना जो जीसीसी त्यांनी ठरविला होता, त्यालाही ग्नू११ समजत होती. म्हणून नव्याण्णव ओलांडून थेट अकरावर उडी घेता आली. बोली बदलावयाची ती अशी, कारण समजून आणि सोबत्यांची कुवत पाहून.

परंतु त्याच घरातील एक कोपरा विसरला गेला होता. संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या एका लहान भागाची बांधणी निराळ्या सूचनांनी होत असे, आणि त्या सूचनांत बोलीचे नाव नव्हते. पंधरावा जीसीसी आला, त्याने ग्नू२३ गृहीत धरली आणि हा भाग नेमका होय-नाहीच्या त्या शब्दांवर अडला. तेथेही ग्नू११ लिहिल्यावर काम पुढे सरकले. अशा निष्णात मंडळींच्याही हातून जे सुटते, ते आपल्या हातून सुटणार नाही असे कोणी म्हणावे?

येथपर्यंत ऐकून कोणास वाटेल, की मग जुने नाव लिहून टाकले की झाले, कटकट मिटली. तसे नाही, हे मला माझ्या अनुभवाने शिकविले. पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कार्यालयात मी काही काळ काम पाहत असे. तेथील वार्षिक तक्ते करणारा प्रोग्रॅम आमचे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सारे नाना म्हणत, त्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी लिहिला होता आणि तो एका जुन्या यंत्रावर निमूटपणे चालत आला होता. ते यंत्र थकले. नवे आले आणि त्याबरोबर जीसीसीची चौदावी आवृत्ती आली. नानांचा प्रोग्रॅम तिच्यापुढे ठेवताच तिने चुकांची लांबच लांब यादी दिली. सी९९ पासून जे चालू नये असे व्याकरण सांगत होते, त्याकडे पूर्वीच्या आवृत्त्या केवळ इशारा देऊन काणाडोळा करीत. या आवृत्तीने २०२४ सालापासून त्याला सरळ चूक म्हणावयास आरंभ केला होता.

आमच्यातील एका तरुणाने ग्नू८९ असे नाव लिहिले आणि साऱ्या चुका एका क्षणात नाहीशा झाल्या. “साहेब, झालं काम!” असे म्हणत तो आला. रोजचे तक्ते बिनचूक निघू लागले आणि आम्ही सारे निर्धास्त झालो. वर्षअखेरीस मात्र वार्षिक तक्त्याची आज्ञा देताच प्रोग्रॅम मध्येच कोसळला. पुन्हा दिली, पुन्हा कोसळला. अहवाल पाठविण्याची मुदत दोन दिवसांवर आली होती.

निवृत्त झालेल्या नानांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, त्या वेळी कंपायलर काय काय सांगत होता, ते आधी वाचलंस का?” आम्ही वाचले नव्हते. यादी पुन्हा काढली, तेव्हा उलगडा झाला. वार्षिक तक्त्यासाठी लागणारे एक फंक्शन स्मृतीतील एक पत्ता उत्तरादाखल देत असे. पण ते जेथे वापरले होते तेथे त्याची ओळख करून दिलेली नव्हती. सी८९ चे व्याकरण अशा अनोळखी फंक्शनाविषयी समजते, की ते पूर्णांकच देत असणार. नानांच्या जुन्या यंत्रावर पूर्णांक आणि पत्ता दोन्ही बत्तीस बिटांचे होते, म्हणून हा गैरसमज खपून गेला होता. नव्या यंत्रावर पत्ता चौसष्ट बिटांचा आणि पूर्णांक मात्र बत्तिसांचाच. अर्धा पत्ता कापून टाकल्यावर पत्र पोचणार कोठे? फंक्शनची ओळख करून देणारी एक ओळ आम्ही लिहिली आणि तक्ता निघाला.

आमचा दोष कोणता होता? जुनी बोली निवडली हा नव्हे. निरोप ऐकावयाचा नाही म्हणून निरोप्याचे तोंड बंद केले, हा आमचा दोष. बोलीचे नाव हे वाचणाऱ्याला दिलेले वचन आहे. ते चुका झाकण्याचे पांघरूण नव्हे.

काटेकोर प्रमाणरूप घेतले म्हणजे सारे सुरक्षित, असेही समजू नये. एके काळी युरोपातील काही देशांच्या कळफलकांवर सी ला लागणारी सारी चिन्हे नसत. त्यांच्या सोयीसाठी सी८९ ने तीन-तीन चिन्हांची जोडाक्षरे मान्य केली होती. दोन प्रश्नचिन्हे आणि एक उद्गारचिन्ह मिळून एक उभी रेघ होई. ग्नूच्या बोलीत ही जोडाक्षरे एरवी वाचली जात नाहीत, पण काटेकोर सी८९ पासून सी१७ पर्यंतच्या रूपांत वाचली जातात. तेथे ‘काय??!’ असे कोणी रागाने लिहिले, तर पडद्यावर ‘काय’ आणि एक उभी रेघ उमटते. सी२३ ने ही जोडाक्षरे काढून टाकली. आकडेमोडीतही असाच एक सूक्ष्म भेद आहे. गुणाकार आणि बेरीज एका दमात करून शेवटी एकदाच आसन्न किंमत घेण्याची सोय काही प्रोसेसरांत असते. ग्नूच्या बोलीत जीसीसी तिचा लाभ आपण होऊन घेतो. काटेकोर रूपात घेत नाही. त्यामुळे दशांशाच्या अगदी शेवटच्या अंकात फरक पडू शकतो. रोजच्या हिशेबाला तो कळणारही नाही, परंतु दोन यंत्रांची उत्तरे ताडून पाहणाऱ्या संशोधकाला त्यापायी रात्र जागावी लागेल.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. सी९९ असे काटेकोर नाव लिहिले, की प्रमाणाबाहेरचा प्रत्येक प्रयोग कंपायलर दाखवून देईल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. प्रमाणाशी थेट विरोध असणारे प्रयोगच तो बंद करतो; बाकीचे खपवून घेतो. सारे काही दाखवावे असे वाटत असेल, तर ‘पेडँटिक’ ही आणखी एक सूचना द्यावी लागते. इंग्रजीत हा शब्द शब्दच्छल करणाऱ्या पंडिताला लावतात. असा पंडित रोज घरी असावा असे नाही, पण ग्रंथ छापावयास पाठविण्यापूर्वी त्याने एकदा डोळ्यांखालून घालावा, हे बरे.

मग निवड करावी कशी? नवे काम आरंभीत असाल, तर ज्या ज्या यंत्रांवर ते चालावयाचे, तेथील जुन्यात जुन्या कंपायलरला समजेल अशी नव्यात नवी बोली घ्यावी. काम आपल्याच घरात, एकाच कंपायलरवर राहणार असेल, तर ग्नूच्या सोयी अवश्य वापराव्यात. ते परक्या कंपायलरांच्या हाती जाणार असेल, तर प्रमाणरूपाशी राहावे. वारशाने मिळालेला जुना प्रोग्रॅम असेल, तर तो ज्या काळी लिहिला त्या काळची बोली प्रथम सांगावी, कारण त्याच्या लेखकाच्या मनात तीच होती. मात्र इशारे चालू ठेवावेत, एकेक करून वाचावेत आणि मगच पुढच्या बोलीकडे सरकावे. निवड कोणतीही असो, ती बांधणीच्या सूचनांत, ज्याला जाणकार मेकफाइल म्हणतात त्या कागदावर, स्पष्ट लिहावी. ती सर्व कोपऱ्यांत लागू झाली आहे की नाही, तेही पाहावे. कंपायलर स्वतःही एका ठरावीक नावाखाली आपल्या व्याकरणाचे वर्ष आणि महिना सांगत असतो: सी९९ साठी १९९९०१, सी११ साठी २०१११२, सी१७ साठी २०१७१०, सी२३ साठी २०२३११. हा आकडा अपेक्षेपेक्षा लहान असेल तर पुढे जाऊ नये, अशी अट प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळींतच घालता येते.

आपल्या जुन्या ग्रंथांचे संपादक काय करतात, ते आठवावे. १९६२ साली मराठीचे नवे लेखननियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीचा ग्रंथ पुन्हा छापताना जाणता संपादक प्रस्तावनेत एक वाक्य लिहितो, की मूळ लेखन जुन्या नियमांप्रमाणे आहे व ते तसेच ठेवले आहे, किंवा ते नव्या नियमांप्रमाणे बदलून घेतले आहे. वाक्य लहान असते. पण त्या एका वाक्याने वाचकाच्या मनात अनुस्वार म्हणजे छापखान्याची चूक की लेखकाचा हेतू, हा संशय उरत नाही.

कंपायलरला सांगितलेले बोलीचे नाव हे असेच एक लहानसे वाक्य आहे. ते आजच्या यंत्रासाठी लिहावयाचे असे आपण समजतो. खरे तर आपण गेल्यावर आपले लेखन ज्याच्या हाती पडेल, त्या अनोळखी माणसासाठी ते लिहावयाचे असते. दिल्लीतील त्या पाटीवर कोणी ‘हे हिंदी आहे’ असे लिहीत नाही, कारण तेथे वाचणारा माणूस असतो. यंत्राला मात्र ते प्रत्येक वेळी सांगावे लागते. नाही तर शिक्षण मागावयास गेलेल्याच्या पदरी दंड पडावयाचा.